नेमप्लेट बाजूला ठेवून गिअरबॉक्स निवडताना

आमच्या प्लांटमधल्या चढत्या कन्व्हेयरवर वर्म गिअरबॉक्स होता, म्हणजे स्क्रूसारखा वर्म दातेरी चाकाला (व्हीलला) फिरवतो तसा. रेशो ४० (मोटरचे ४० फेरे झाले की आउटपुट शाफ्टचा एक), मोटर ३ किलोवॅटची आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून ड्रमपर्यंत एकास एक चेन. तो बदलायचं ठरलं तेव्हा पहिली सूचना आली ती नेहमीचीच: "मॅडम, नेमप्लेटचा फोटो काढून सप्लायरला पाठवा, सेम टू सेम येईल." सूचना सोयीची आहे, यात वाद नाही. फाउंडेशनचे बोल्ट जुळतात, शाफ्टची उंची जुळते, चेन तीच चालते, एका शटडाउनमध्ये काम उरकतं. पण नेमप्लेटवर त्या गिअरबॉक्सची क्षमता लिहिलेली असते, त्याच्यावर आज किती भार पडतोय ते लिहिलेलं नसतं. आणि आमच्याकडे नेमका भारच बदलला होता. कन्व्हेयर बसवला तेव्हा तो ताशी ४० टन माल वर न्यायचा आणि एकाच शिफ्टमध्ये चालायचा. पुढे उत्पादन वाढलं, ताशी ६० टन झाले, तिन्ही शिफ्ट सुरू झाल्या. मोटर तीच राहिली, गिअरबॉक्स तोच राहिला.

जुना गिअरबॉक्स खोलून टेबलावर मांडला आणि तो नीट बघितला. माझ्या मते निवडीचं काम इथूनच सुरू होतं, कॅटलॉगमधून नाही. तेल काळं पडलेलं आणि तळाला सोनेरी चमक असलेला गाळ. तो म्हणजे वर्म व्हीलचं फॉस्फर ब्राँझ. वर्म मात्र शाबूत होता. केस हार्डन केलेलं (पृष्ठभाग कडक केलेलं) स्टील, घासून आणखी गुळगुळीत झालेलं. झिजायचं ते व्हीलनं, अशीच ही जोडी बनवलेली असते. व्हीलचे दात एकाच बाजूने पातळ झाले होते, म्हणजे सगळी झीज वर चढवण्याच्या दिशेची. आउटपुट बाजूच्या ऑइल सीलचं रबर इतकं कडक झालं होतं की नखाने दाबलं तरी दबेना. आणि चेनच्या बाजूचं बेअरिंग दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त खराब. ब्राँझची झीज, भाजलेलं सील आणि एकाच बाजूचं खराब बेअरिंग, या तीन खुणांची कारणं वेगवेगळी होती. नवा गिअरबॉक्स निवडताना तिन्हींचं उत्तर देणं भाग होतं.

मग हिशोब मागून पुढे केला: आधी ड्रम, मग गिअरबॉक्स, शेवटी मोटर. ताशी ६० टन म्हणजे सेकंदाला १६.७ किलो. बेल्टचा वेग सेकंदाला ०.५६५ मीटर, म्हणजे बेल्टच्या दर मीटरवर साधारण २९.५ किलो माल. हा माल ८ मीटर उंच चढवायचा, तर त्याला लागणारं बळ सुमारे २३०० न्यूटन. रोलर, स्कर्ट रबर, स्क्रॅपर आणि बेल्टची स्वतःची वाकण यांचं घर्षण मिळून आणखी १७०० च्या आसपास. एकूण ४००० न्यूटन. रबर लॅगिंगसह (ड्रमवरच्या रबराच्या थरासह) ड्रमचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ०.१५ मीटर, आणि ड्रमच्या शाफ्टवरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ६०० न्यूटन मीटर. व्यास ड्रॉइंगवरून न घेता टेप लावून मोजला, कारण लॅगिंग झिजतं आणि नवं लावताना जाडी बदलते. मोटर चार पोलची, १४४० आरपीएम. त्याला ४० ने भागलं की ड्रमचे ३६ आरपीएम. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणून ९५५० ने भागलं की किलोवॅट मिळतात. ते आले २.२६.

मोटरकडे पॉवर अ‍ॅनालायझर लावला होता. भरलेल्या बेल्टवर मोटरच्या शाफ्टवर मिळणारी पॉवर निघाली ३.१ किलोवॅटच्या वर. म्हणजे ३ किलोवॅटची मोटर सतत थोडी ओव्हरलोडमध्ये चालत होती. आणि मोटरने दिलेल्या ३.१ पैकी ड्रमला पोचत होते २.२६. चेनचे दोन-तीन टक्के सोडले, तरी उरलेले जवळजवळ ०.८ किलोवॅट गिअरबॉक्समध्येच उष्णतेत जात होते. गिअरबॉक्सच्या पोटात बारीक शेगडी अखंड पेटलेली असावी, तसं. सील भाजण्याचं कारण हे होतं. शेडमध्ये ३८ अंश तापमान असताना केसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर ९४ दाखवायचा.

वर्म गिअरबॉक्सला मी नावं ठेवणार नाही. तो शांत चालतो, आकाराने आटोपशीर असतो, एकाच टप्प्यात ५ पासून ६० किंवा त्याहूनही मोठा रेशो देतो आणि अचानक बसणारे धक्के ब्राँझ बऱ्यापैकी सोसतं. पण त्यात दात एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतात. रेशो जितका मोठा, तितकं घसरणं जास्त. ब्राँझची झीज त्यातूनच. ५ किंवा १० च्या रेशोला तो ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता देतो. ४० ला ती सत्तरीत येते, ६० च्या पुढे त्याहून खाली. शिवाय थंड गिअरबॉक्स भरलेल्या बेल्टसकट सुरू करताना ती चालतानाच्या आकड्यापेक्षाही बरीच कमी असते, कारण तेलाचा थर अजून तयार झालेला नसतो. आमच्याकडे सकाळी ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) पडायचा, त्याचं मूळ इथे होतं.

त्यामुळे वर्म गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमध्ये दोन आकडे बघावे लागतात: दात आणि शाफ्ट किती सोसतील तो मेकॅनिकल रेटिंगचा, आणि केसिंग किती उष्णता बाहेर टाकू शकेल तो थर्मल रेटिंगचा. दोन्हींपैकी जो लहान तो खरा. थर्मल आकडा बहुतेक वेळा २० अंशांच्या हवेसाठी दिलेला असतो, आजूबाजूची हवा तापलेली असेल तर तो कमी करावा लागतो. दिवसातून तास-दोन तास चालणाऱ्या यंत्राला हे फारसं नडत नाही, मधल्या वेळात गिअरबॉक्स निवतो. तिन्ही शिफ्ट चालणाऱ्याला नडतं. मिनरल तेलाचं आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मं होतं असं धरून चालतात. त्या मापाने आमचं तेल बदलण्याच्या तारखेच्या कितीतरी आधी संपलेलं असायचं.

समोर तीन पर्याय होते. एक, वर्मच ठेवायचा पण दोन साइझ मोठा. त्याने केसिंगचं क्षेत्रफळ वाढतं आणि तापमान उतरतं, पण वाया जाणारी पॉवर जवळपास तेवढीच राहते आणि मोटर ४ किलोवॅटची करावी लागते. दुसरा, हेलिकल-वर्म. पहिला टप्पा हेलिकल (तिरक्या दातांच्या गिअरचा), मग लहान रेशोचा वर्म. कार्यक्षमता ८० च्या पुढे जाते. तिसरा, हेलिकल-बेव्हल. त्यात काटकोनाचं काम स्पायरल बेव्हलची (शंकूच्या आकाराच्या, वळणदार दातांच्या गिअरची) जोडी करते आणि रेशोचा मोठा वाटा हेलिकल टप्पे उचलतात. बेव्हलची एक जोडी साधारण ५-६ च्या वर रेशो देत नाही, म्हणून ४० साठी तीन टप्पे येतात. तरीही एकूण कार्यक्षमता ९४-९५ टक्के राहते. हायपॉइडचाही विचार केला होता. त्यात पिनियनचा (लहान गिअरचा) अक्ष क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यापासून थोडा सरकलेला असतो, त्यामुळे एका टप्प्यात मोठा रेशो मिळतो, पण थोडं घसरणं पुन्हा येतं. आमच्या मापात तो सहज मिळण्यातला नव्हता, म्हणून तो विषय लवकर संपला.

आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर निवड अवघड राहिली नाही. हेलिकल-बेव्हल थेट ड्रमच्या शाफ्टवर बसवला तर चेनही जाते, आणि २.२६ किलोवॅटसाठी मोटरला फक्त २.४ द्यावे लागतात. म्हणजे ३ किलोवॅटची मोटर पुरते, आणि ती पुरून उरते. उष्णता ०.८ वरून ०.१२ किलोवॅटवर येते. वर्षाला ६००० तास धरले तरी साडेचार हजार युनिट वाचतात. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवली: स्पायरल बेव्हलचे पिनियन आणि क्राउन एकमेकांशी लॅप करून (एकत्र घासून) जुळवलेले असतात. उद्या एकाचा दात गेला तर दोन्ही बदलायचे. वर्ममध्ये फक्त व्हील बदलून चालतं तशी सोय इथे नाही. स्टोअरमध्ये स्पेअर ठेवायचा तर जोडीनेच.

यानंतर सर्व्हिस फॅक्टर, म्हणजे गिअरबॉक्सची क्षमता भाराच्या किती पट ठेवायची तो आकडा, आणि इथे सप्लायरशी लांबलचक चर्चा झाली. चोवीस तास चालणारा, मध्यम धक्क्यांचा कन्व्हेयर म्हणून आम्ही १.५ धरला. ६०० ला दीड पट म्हणजे ९०० न्यूटन मीटर. सप्लायरने १००० चा गिअरबॉक्स सुचवला आणि कोटेशनमध्ये सर्व्हिस फॅक्टर लिहिला १.२७. आमच्या हिशोबाने तो १.६७ यायला हवा होता. दोघांचंही गणित बरोबर होतं, फक्त पाया वेगळा होता. त्यांनी मोटरचे पूर्ण ३ किलोवॅट धरले होते: ३६.४ आरपीएमला (त्यांच्या गिअरबॉक्सचा रेशो ३९.६ होता) ३ किलोवॅट म्हणजे ७८७ न्यूटन मीटर, आणि १००० भागिले ७८७. आम्ही प्रत्यक्ष भार धरला होता. कोणता पाया घ्यायचा हे यंत्र बघून ठरवायचं. पंख्यासारखा एकसारखा भार असेल तर प्रत्यक्ष भार धरावा. पण आमच्या चूटमध्ये कधीकधी मोठा ढेकूळ अडकतो, बेल्ट थांबतो, आणि त्या क्षणी मोटर गरजेपुरता टॉर्क देत नाही, असेल नसेल तेवढा लावते. तो तिच्या नेहमीच्या टॉर्कच्या दोन-अडीच पट जातो. म्हणून दोन्ही पायांवर दीडच्या खाली यायचं नाही असं ठरवलं आणि १२०० न्यूटन मीटरचा साइझ घेतला. मोटरच्या हिशोबाने १.५२, भाराच्या हिशोबाने २. दोन सप्लायरच्या कोटेशनमधला सर्व्हिस फॅक्टर ताडून बघताना हा पाया आधी विचारा, नाहीतर जास्त आकडा लिहिणारा गिअरबॉक्स प्रत्यक्षात लहान निघू शकतो.

रेशो मिळाला ३९.६. स्टोअरमधून विचारणा झाली की सरळ ४० का नाही. बहुतेक हेलिकल-बेव्हलचे रेशो असेच अपूर्णांकात असतात. दातांची संख्या मुद्दाम अशी ठेवतात की तोच दात पुन्हा पुन्हा त्याच दाताशी भिडू नये. झीज सगळ्या दातांवर वाटली जाते. बेल्टच्या वेगात त्याने पडलेला फरक एक टक्क्याचा, नगण्य.

चेनच्या बाजूचं बेअरिंग का गेलं, ते आता. स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) पिच व्यास २०० मिलिमीटर. ६०० न्यूटन मीटरला चेनचा ओढ येतो ६००० न्यूटन, आणि तो शाफ्टला एकाच दिशेने वाकवत राहतो. व्ही-बेल्ट असता तर हाच भार दीड पट धरावा लागला असता, कारण बेल्टला आधीच ताण दिलेला असतो. कॅटलॉगमध्ये शाफ्टवर किती आडवा भार चालेल ते दिलेलं असतं, पण तो आकडा शाफ्टच्या बाहेर आलेल्या भागाच्या मध्यावर भार आहे असं धरून दिलेला असतो. आमचं स्प्रॉकेट गार्डला जागा हवी म्हणून पार टोकाला बसवलेलं होतं. टोकाला गेलं की चालणारा भार घटतो. तिथेच राहायचं असतं, तर मोठं स्प्रॉकेट घेणं आणि ते सीलच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणणं हाच उपाय होता. आम्ही चेनच काढली. हॉलो (पोकळ) शाफ्टचा गिअरबॉक्स थेट ड्रमच्या शाफ्टवर चढवायचा आणि टॉर्क आर्मने, म्हणजे गिअरबॉक्सला स्वतःभोवती फिरू न देणाऱ्या दांड्याने, धरायचा.

हॉलो शाफ्टमध्ये काम सोपं दिसतं, पण ड्रमच्या शाफ्टकडे लक्ष द्यावं लागतं. बोअर ६० मिलिमीटर H7, म्हणून शाफ्टचं टोक ६० h6 ला टर्न करून घेतलं (मापात किती फरक चालेल त्याचे हे वर्ग, मोठा H भोकाचा, लहान h शाफ्टचा) आणि मायक्रोमीटरने तीन जागी मोजलं. शाफ्टची की (पाचर) बसवण्याआधी सगळ्या शाफ्टवर अँटीसीझ पेस्ट लावली. ती न लावता चढवलेला गिअरबॉक्स काही वर्षांनी गंजाने असा धरतो की पुलरनेही निघत नाही, शाफ्ट कापायची वेळ येते. टॉर्क आर्म ३०० मिलिमीटरवर, त्याच्या टोकाला रबर बुश. ६०० भागिले ०.३ म्हणजे २००० न्यूटन. ब्रॅकेट तेवढ्याला तपासलं, वर गिअरबॉक्सच्या वजनाचा हिशोब धरून. आर्म मशीनच्या जवळच्या बाजूला ठेवला.

बसवताना फिटर मंडळींनी ब्रॅकेटला गिअरबॉक्स चारही बाजूंनी बोल्ट करायची तयारी केली होती. ते थांबवावं लागलं. शाफ्ट कितीही सरळ असला तरी त्यात थोडा रनआउट (फिरताना मध्यापासून ढळणं) असतोच, आणि दर फेऱ्याला गिअरबॉक्स किंचित डोलतो. तो डोलू द्यायचा. घट्ट बांधला तर ते डोलणं ड्रमच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातं. आमच्यातले सर्वांत अनुभवी काका चालू गिअरबॉक्सजवळ बराच वेळ उभे राहून ते हलणं बघत होते. मग त्यांनीच बाकीच्यांना बुश का लावला ते समजावून दिलं.

चढत्या कन्व्हेयरवर वर्म ठेवण्यामागे आणखी एक समजूत असते: वर्म उलटा फिरत नाही, म्हणून वेगळा बॅकस्टॉप (उलटं फिरणं अडवणारा भाग) नको. हे मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. वर्मच्या दाताचा लीड अँगल (आट्याच्या चढाचा कोन) साधारण ५-६ अंशांच्या खाली असला की तो थांबलेल्या स्थितीत उलटा फिरायला नकार देतो, हे खरं. पण चालताना ज्या गिअरबॉक्सची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर आहे, त्याला मागून फिरवता येतं. आमचा ७० च्या वर होता. तो थांबल्यावर धरून ठेवायचा तो फक्त स्थिर घर्षणावर; शेजारी व्हायब्रेटिंग फीडर चालू असेल तर ते घर्षण हळूहळू सुटू शकतं. माल चढवण्याचं बळ २३०० न्यूटन, बेल्टचं घर्षण १७००. वीज गेली तर भरलेला बेल्ट मागे येणार हे आकडेच सांगत होते. कन्व्हेयरवाल्यांचा ठोकताळा तर याहून कडक आहे: चढवण्याचं बळ घर्षणाच्या निम्म्याहून जास्त असलं तरी बॅकस्टॉप लावायचा. खाली साफसफाई करणारी माणसं असतात. हेलिकल-बेव्हल तर अजिबातच स्वतःहून थांबत नाही, त्यामुळे ऑर्डरमध्ये बॅकस्टॉप लिहिला आणि मोकळं फिरण्याची दिशा आउटपुट शाफ्टकडे कुठल्या बाजूने बघून ठरवली आहे ते स्केच काढून पाठवलं. "घड्याळाच्या दिशेने" एवढंच लिहिलं तर उलटा बॅकस्टॉप येऊ शकतो. मोटर जोडण्याआधी फेज सीक्वेन्स (मोटर कुठल्या दिशेने फिरेल ते ठरवणारा फेजचा क्रम) तपासून घेतला, कारण बॅकस्टॉपच्या विरुद्ध मोटर एकदा जरी फिरवली तरी तो खराब होऊ शकतो.

ऑर्डरमध्ये बसवण्याची स्थितीही स्पष्ट लिहावी लागते. शाफ्ट आडवा की उभा, मोटर वर की खाली, त्यावर तेलाची पातळी, ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) जागा आणि वरच्या बेअरिंगला तेल पोचेल की ग्रीस लावावं लागेल हे ठरतं. कन्व्हेयरचा चढ १८ अंशांचा. गिअरबॉक्स त्याच चढाला समांतर बसवला असता तर तेलही १८ अंशांनी एका टोकाला गेलं असतं आणि दुसऱ्या टोकाचं बेअरिंग कोरडं राहिलं असतं. हॉलो शाफ्टमुळे गिअरबॉक्स कुठल्याही कोनात फिरवता येतो, म्हणून आर्मची लांबी जुळवून तो सपाट ठेवला. बेल्ट तिरका, गिअरबॉक्स आडवा. दिसायला विचित्र, पण तेल जिथे हवं तिथे.

तेलाबद्दल थोडक्यात. जुन्या वर्ममध्ये व्हीजी ४६० (आकडा तेलाच्या दाटपणाचा) जायचं, नव्यात व्हीजी २२० ईपी (दातांवरचा मोठा दाब सोसणारं). दोन्ही पिंपं शेजारी असतात, म्हणून गिअरबॉक्सवरच रंगाने ग्रेड लिहून टाकली. ज्यांच्याकडे वर्ममध्ये पॉलिग्लायकॉल सिंथेटिक तेल आहे त्यांनी त्यात मिनरल तेल टॉप-अप करू नये, ती दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. आणि सक्रिय गंधकाची ईपी द्रव्यं असलेलं तेल ब्राँझच्या व्हीलला खातं. गाडीतून येताना ब्रीदरच्या जागी बंद प्लग असतो, तो काढून ब्रीदर लावला की नाही हे सुरू करण्याआधी बघायलाच हवं. तो राहिला तर आत दाब वाढून नवं सील पहिल्याच आठवड्यात गळतं.

चालू केल्यावर पूर्ण भारावर, तापमान स्थिर होईपर्यंत दर तासाला मोजलं. ते ५८ अंशांवर थांबलं. मोटरची पॉवर २.४ च्या आसपास, हिशोबाशी जुळणारी. सकाळी भरलेला बेल्ट सुरू करताना रिले पडत नाही.

आता बाकीच्या कन्व्हेयरचं तेच काम चालू आहे. सगळीकडे हेलिकल-बेव्हल बसवणार नाही. पॅकिंगकडचा छोटा, सपाट कन्व्हेयर एका शिफ्टमध्ये आणि तोही थांबत थांबत चालतो, रेशो १५, टॉर्क १०० न्यूटन मीटरच्या आत. तिथे वर्म उत्तम आहे आणि तोच राहील. फीडरच्या खालचा मात्र चढत्याच्याच वर्गातला निघाला. त्याच्या ड्रमचा व्यास मोजून झालाय, बेल्टवरचा माल मोजायचा बाकी आहे.